फोम नेमका कुठे मारायचा: माळ्याच्या जमिनीवर की छपराच्या पाख्याखाली?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. घर १९८५ सालचं, दुमजली, वर उतरतं शिंगलचं छप्पर. वरच्या मजल्याचा एसी आणि त्याचे सगळे डक्ट माळ्यावर म्हणजे ॲटिकमध्ये आहेत. फर्नेस तळघरात आहे. जुलैत वरच्या खोल्यांत झोपवत नाही आणि जानेवारीत वळचणीला बर्फाचे जाड सुळे लोंबतात. इन्सुलेशनसाठी तिघा कंत्राटदारांना बोलावलं. पहिला म्हणतो, छपराच्या आतल्या बाजूने स्प्रे फोम मारा. दुसरा म्हणतो, फोमवर पैसे घालवू नका, माळ्याच्या जमिनीवर सेल्युलोज पसरून घ्या. तिसरा म्हणतो, दोन्ही करा, डबल फायदा. माझा धाकटा भाऊ शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. त्याचा माळा रिकामा आहे, सामानाची चार खोकी आहेत तेवढीच. माझं पाहून तोही फोमचं ठरवतो आहे. आम्ही दोघांनी काय करावं? फोमच्या वासाबद्दल बरंच भीतीदायक ऐकलं आहे, तेही सांगा.

उत्तर: तुमच्या घरी फोम छपराच्या पाख्याखाली मारावा. तुमच्या भावाने तिथे एक इंचही मारू नये. त्याचं काम माळ्याच्या जमिनीवर आहे आणि त्यात फोम लागेल तो अगदी थोडा. तिसऱ्या कंत्राटदाराचा सल्ला दोघांनीही मानू नये.

उत्तरं वेगळी का, ते नीट समजून घ्या, कारण कंत्राटदार बहुतेकदा आपल्याकडे जी यंत्रं आणि माणसं आहेत तेच काम सुचवतो. फोमवाल्याला सगळीकडे फोम दिसतो, सेल्युलोजवाल्याला सेल्युलोज. कोणतं इन्सुलेशन हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की तुमच्या घराची हद्द कुठे संपते. जिथवरची हवा तुम्ही पैसे खर्चून गरम किंवा गार ठेवता, तिथवर घर. त्यापलीकडे बाहेर. उतरत्या छपराच्या घरात ही हद्द दोनच ठिकाणी आखता येते. एक तर वरच्या खोल्यांच्या छतावर, म्हणजे माळ्याच्या जमिनीवर. तसं केलं की माळा बाहेरचा होतो. त्यात वळचणीच्या झरोक्यांतून वारा शिरावा आणि आढ्यावरच्या फटीतून निघून जावा. किंवा ती हद्द वर छपराच्या पाख्यांवर न्यायची. मग माळा घरातला होतो आणि ते झरोके कायमचे बंद करावे लागतात. दोन्ही पद्धती योग्य आहेत. हद्द अर्धी इथे, अर्धी तिथे ठेवली की मात्र घराचे हाल होतात.

आता फोमविषयी. पॉलियुरेथेन हे रसायन १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुझेनला ओटो बायर यांनी शोधलं. छपराखाली मारला जाणारा फोम त्याच घराण्यातला. ट्रकमधल्या दोन पिंपांतून दोन द्रव गरम नळ्यांतून येतात, बंदुकीच्या तोंडाशी मिसळतात आणि लाकडावर पडताच काही सेकंदांत फुगून कडक होतात. इन्सुलेशनच्या इतर प्रकारांपेक्षा याचा खरा गुण हा की तो उष्णता अडवतो आणि त्याच वेळी हवाही अडवतो. फायबरग्लासच्या गुलाबी गाद्या उष्णता अडवतात, पण हवा त्यांच्यातून खुशाल आरपार जाते.

फोमच्या दोन जाती आहेत आणि कंत्राटात त्यातली कोणती हे लिहून घेतलंच पाहिजे. ओपन-सेल हलका, स्पंजासारखा दबणारा, घनफुटाला साधारण अर्धा पौंड. इंचाला त्याचा आर-मूल्यांक, म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, साडेतीन ते पावणेचारच्या आसपास. हवा अडवतो, पण पाण्याची वाफ त्यातून पलीकडे जाते. क्लोज्ड-सेल कठीण, घनफुटाला साधारण दोन पौंड, इंचाला आर ६ ते ७, आणि दोन इंचांचा थर झाला की वाफेलाही बऱ्यापैकी रोखतो. तो महागही बराच आहे. हिशेब बोर्ड फुटात होतो, म्हणजे एक चौरस फूट जागेवर एक इंच जाडीचा थर.

आधी भावाचं घर घेतो, कारण बहुतेक वाचकांची घरं त्याच्यासारखी आहेत.

नेपरव्हिलला हिवाळ्यात घरातली गरम हवा हलकी होऊन सतत वर चढते आणि वरच्या छतातल्या प्रत्येक फटीतून माळ्यावर निसटते. जेवढी वरून जाते तेवढी थंड हवा खालून, तळघराच्या कडांमधून आत ओढली जाते. म्हणून खाली पायांना गार झोत लागत असला तरी त्याचं कारण अनेकदा वर माळ्यावर असतं. या फटी नजरेस पडत नाहीत, कारण त्यांच्यावर गाद्या अंथरलेल्या असतात. भिंतींच्या माथ्यावरच्या लाकडी पट्ट्या आणि जिप्सम बोर्ड यांच्यातली चीर, विजेच्या वायरींची भोकं, प्लंबिंगचा व्हेंट पाइप वर जातो तिथली हाताएवढी पोकळी, बाथरूमच्या पंख्याचा डबा, छतातले पुरलेले दिवे, स्वयंपाकघरातल्या कपाटांवरची खाली उतरवलेली छताची पेटी, चिमणीभोवतीची मोकळी जागा आणि माळ्यावर चढायची झडप. एकेक फट किरकोळ वाटते. सगळ्या मिळून एक खिडकी वर्षभर उघडी ठेवल्यासारखं होतं.

अशी जुनी गादी उचलून पाहिली तर तिच्या खालच्या बाजूला ठिकठिकाणी काळपट डाग दिसतात. ती बुरशी असेलच असं नाही. बहुधा त्या जागेवरून वर्षानुवर्षं गेलेल्या हवेतली धूळ तंतूंनी गाळून धरलेली असते. फट कुठे आहे हे तो डागच दाखवतो.

भावाने स्प्रे फोम वापरायचा तो इथे. गाद्या बाजूला करून या फटींवर आणि भिंतींच्या माथ्यांवर फोमची रेघ मारायची. बारीक फटींना हातात धरायचा डबा पुरतो, मोठ्या कामाला दोन टाक्यांचा छोटा संच मिळतो. चिमणी आणि गरम धुराचे पाइप याला अपवाद आहेत. त्यांना फोम लागता कामा नये. तिथे पत्रा कापून बसवायचा आणि उष्णता सोसणाऱ्या सीलंटने कडा बुजवायच्या. पुरलेले दिवे जुन्या बनावटीचे असतील तर त्यांच्यावर इन्सुलेशन टाकणं आगीला आमंत्रण आहे. ते बदलून इन्सुलेशनला टेकलेले चालतात असे हवाबंद दिवे घ्यावेत. बाथरूमचा पंखा माळ्यावर हवा सोडत असेल तर त्याचा पाइप छपराबाहेर काढावा. वळचणीच्या झरोक्यांपाशी प्रत्येक दोन वाशांमध्ये पुठ्ठ्याचं किंवा फोमचं पन्हळ बसवावं, म्हणजे सेल्युलोज तिथे सरकून वाऱ्याची वाट बंद करणार नाही. मग झडपेला रबरी पट्टी आणि वर जाड इन्सुलेशनचं झाकण.

एवढं झालं की सेल्युलोज. बोरेट मिसळलेल्या जुन्या वर्तमानपत्रांचा हा भुगा पाइपने उडवून पसरतात. इंचाला आर साडेतीनच्या आसपास धरला तर आर-४९ साठी चौदा इंचांचा थर लागतो. अमेरिकेच्या २०२१ च्या ऊर्जा संहितेत नेपरव्हिलसारख्या थंड भागातल्या नव्या घरांच्या छताला आर-६० सांगितला आहे, म्हणजे सतरा इंच. जुन्या घरात तेवढं शक्य नसलं तरी आर-४९ पर्यंत जावं. खर्च छपराखालच्या फोमच्या अगदी थोड्या भागात होतो.

माळ्याच्या सगळ्या जमिनीवरच फोम मारून देतो, असंही त्याला कोणी सांगेल. माझं मत त्याविरुद्ध आहे. वायरी, दिव्यांचे डबे, पाइप सगळं कडक थराखाली गाडलं जातं, आणि उद्या एक पंखा बसवायचा तरी इलेक्ट्रिशियनला फोम खरवडत बसावं लागतं. सेल्युलोज हाताने बाजूला करता येतं. जमिनीवर जाड इन्सुलेशन हवं, आणि जाडीसाठी फोमइतका महागडा मार्ग दुसरा नाही.

बर्फाच्या सुळ्यांचं मूळही याच फटींत आहे, तेव्हा हा भाग तुमच्यासाठीही. घरातली ऊब माळ्यावर साचते, छपराची मधली बाजू तापते आणि तिच्यावरचा बर्फ खालून वितळतो. ते पाणी उतरत वळचणीशी येतं. वळचण भिंतीच्या बाहेर, तिच्याखाली घर नाही, म्हणून ती थंडगार. पाणी तिथे पुन्हा गोठतं, पागोळ्यांचे सुळे होतात आणि कडेला बर्फाचा बांध तयार होतो. मागून येणारं पाणी त्या बांधामागे तुंबून शिंगलखाली शिरतं आणि भिंतीवर ओल येते. लोक वळचणीला विजेच्या तापणाऱ्या तारा लावतात. त्यापेक्षा माळ्यावर जाणारी ऊब थांबवा.

आता तुमचं घर. इथे सगळं उलटतं ते माळ्यावर असलेल्या एसीमुळे.

जुलैच्या दुपारी बंद माळ्याचं तापमान ५० अंश सेल्सिअसच्या वर जातं. त्या भट्टीत तुमचे १३ अंशांची हवा वाहणारे डक्ट पसरलेले आहेत, आणि त्यांच्यावर इन्सुलेशन म्हणाल तर इंच-दोन इंचांचं पांघरूण. शिवाय सांधे गळतात. साध्या घरात डक्टमधली वीस ते तीस टक्के हवा गळतीत वाया जाते, असं अमेरिकी सरकारचा एनर्जी स्टार कार्यक्रम सांगतो. डक्ट खोल्यांच्या पोटातून गेले असते तर ती हवा निदान घरातच राहिली असती. तुमची थेट माळ्यावर जाते आणि झरोक्यातून बाहेर. तुमच्या झोपेचे हाल मुख्यतः यामुळे होतात. जमिनीवर कितीही सेल्युलोज टाकलं तरी एसी आणि डक्ट हद्दीबाहेरच राहतील.

यावर पहिला पर्याय म्हणजे यंत्र आणि डक्ट माळ्यावरून काढून घराच्या आत आणणं. तुमचा एसी जुना झाला असेल आणि तो बदलायचाच असेल, तर आधी एसीच्या कंत्राटदाराला विचारा की वरच्या मजल्यावर भिंतीवरची मिनी-स्प्लिट यंत्रं लावून डक्ट कायमचे काढता येतील का. तसं जमलं तर तुमचं घरही भावासारखं होईल आणि फोमचा मोठा खर्च वाचेल. ही गोष्ट फोमवाला सांगणार नाही, कारण ती त्याच्या धंद्यातली नाही. यंत्र नवं असेल, डक्ट राहणारच असतील, तर हद्द छपरावर न्या.

छपराला फोम मारणं हे बरंच जबाबदारीचं काम आहे, आणि ते कुठे बिघडतं हे कळायला हवं. गार ताकाचा पेला बाहेरून घामेजतो, तसं हिवाळ्यात छपराचं प्लायवूड आतून घामेजतं. वीस अंशांच्या खोलीत चाळीस टक्के आर्द्रता असेल तर ती हवा सहा अंशांवर आली की पाणी सोडते. एडिसनला जानेवारीत छपराचं लाकूड शून्याखालीही जातं. घरात आंघोळी, स्वयंपाक, कुकरच्या शिट्ट्या, श्वास यांची वाफ सतत वर चढते. तिला त्या थंड लाकडापर्यंत पोचता येऊ नये एवढंच फोमचं काम आहे. पोचली तर झरोके बंद असल्याने लाकूड वाळायला वाराही मिळत नाही, आणि काही हिवाळ्यांनी ते कुजतं.

म्हणून अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत हवामानाच्या विभागानुसार तक्ता दिलेला आहे. झरोके नसलेल्या छपराला फोमखाली दुसरं, हवा जाऊ देणारं इन्सुलेशन लावायचं असेल, तर छपराला चिकटलेल्या हवाबंद थराचा आर किमान किती हवा ते त्यात सांगितलं आहे. एडिसन हा चौथ्या विभागातल्या दमट भागात येतो, तिथे आर-१५. शिकागोचा परिसर पाचव्या विभागात, तिथे आर-२०. मिनियापोलिस सहाव्यात, आर-२५. हा थर पुरेसा जाड असला की त्याची आतली बाजू उबदार राहते आणि वाफेला दव व्हायला थंड जागाच मिळत नाही. पाचव्या विभागापासून वर थंडीकडे गेलं की आणखी एक अट आहे: छपराचा हवाबंद थर वाफही रोखणारा हवा, किंवा त्यावर तसा लेप हवा. नुसता ओपन-सेल मारून मोकळं होणं तिथे चालत नाही. तुमच्या विभागात संहिता तेवढी कडक नाही, तरीही तुम्ही वरचा थर क्लोज्ड-सेलचाच घ्या. न्यू जर्सीचा हिवाळा काही सौम्य नाही आणि आपल्या घरांत स्वयंपाकाची वाफ जास्त असते.

माझ्या हिशेबाने तीन इंच क्लोज्ड-सेल थेट प्लायवूडवर, म्हणजे आर १८ च्या पुढे. त्याखाली वाशांची उरलेली खोली ओपन-सेलने भरावी. वासे सव्वासात इंच खोल असतील तर सगळं मिळून आर ३४ च्या आसपास जाईल. ऊर्जा संहितेतल्या नव्या घरांच्या आकड्याला हे कमी पडतं. जुन्या घराच्या दुरुस्तीत काय मान्य होईल ते तुमच्या टाउनशिपच्या बांधकाम निरीक्षकाला परमिट काढतानाच विचारा. वाशांच्या तोंडावरही फोमचा थर चढवून घेतला तर जाडी वाढते आणि लाकडातून जाणारी उष्णताही अडते; त्यासाठी थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

क्षेत्रफळाचा हिशेब स्वतः करा. माळ्याची जमीन हजार चौरस फूट असेल आणि छपराला बारा इंचांमागे आठ इंचांचा चढ असेल, तर दोन्ही पाखी मिळून बाराशे चौरस फूट होतात. वर दोन टोकांच्या तिकोनी भिंती. त्या भिंती विसरू नका. पाखी फोमने बंद केली आणि तिकोनी भिंत उघडी ठेवली, अशी अर्धवट कामं होतात. तीन इंच जाडीने बाराशे फुटांचेच छत्तीसशे बोर्ड फूट झाले. कोटेशनमधला आकडा याच्या आसपास नसेल तर कारण विचारा.

फोम मारण्याआधी वळचणीचे झरोके आणि आढ्याची फट आतून बुजवली पाहिजे. जमिनीवरच्या जुन्या गाद्या काढून टाका. त्या तशाच ठेवल्या की माळा हिवाळ्यात थंडच राहतो आणि छपरावरचा फोम अर्धा वाया जातो. तिसऱ्या कंत्राटदाराचा ‘दोन्ही करा’ हा सल्ला म्हणून चुकीचा आहे. वर आणि खाली दोन्हीकडे झाकण घातलं की मधला माळा ना घरातला ना बाहेरचा. तिथे वाफ शिरते, पण ती बाहेर नेणारा वारा नाही आणि सुकवणारी ऊबही नाही. माळा घरात घेतलात की त्याला घरातल्या खोलीसारखं वागवा. एसीच्या पुरवठ्याचं छोटं तोंड तिथे उघडून घेता येईल का ते विचारा आणि पहिली दोन वर्षं एक आर्द्रतामापक तिथे ठेवा. वळचणीच्या सुळ्यांना छपरावरचा फोमही आळा घालतो, कारण ऊब प्लायवूडपर्यंत पोचत नाही.

तुमची फर्नेस तळघरात आहे हे बरं आहे. ज्यांच्या माळ्यावर गॅसची जुनी फर्नेस किंवा वॉटर हीटर आहे, त्यांनी छप्पर बंद करण्याआधी थांबलंच पाहिजे. ती यंत्रं जळण्यासाठी माळ्यावरची हवा घेतात. हवेची वाट बंद झाली तर जळण अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड घरात परत येऊ शकतो. बाहेरून स्वतंत्र पाइपने हवा घेणारं बंद ज्वलनाचं यंत्र आधी बसवावं, मगच फोम. तळघरातल्या तुमच्या यंत्राचीही घर घट्ट झाल्यावर तपासणी करून घ्या.

आग हा विषय कंत्राटदार पटकन उरकतात. फोम पेट घेतो. राहत्या जागेपासून तो किमान अर्धा इंच जिप्सम बोर्डने वेगळा असावा असा नियम आहे. जिथे माणूस फक्त यंत्राच्या दुरुस्तीपुरता जातो अशा माळ्याला थोडी सूट मिळते. तिथे चाचणी झालेला अग्निरोधक लेप चालतो. पण गौरी-गणपतीचं मखर, दिवाळीचे आकाशकंदील, सुटकेसा हे सगळं तुम्ही माळ्यावर ठेवत असाल तर तो सामानाचा माळा झाला आणि ती सूट लागू होत नाही. निरीक्षकाला हे खरं खरं सांगा.

ह्यूस्टन किंवा टँपाला राहणाऱ्यांसाठी दोन शब्द. तिथे बरेच एसी माळ्यावर असतात, म्हणून छपराखालचा फोम तिथे फार चालतो, तोही बहुतेक ओपन-सेल. त्या दमट हवेत वाफ आढ्यापाशी साठून तिथलं लाकूड ओलं होण्याच्या तक्रारी पुढे आल्या. म्हणून माळ्यावर कोरडी हवा फिरती ठेवण्याकडे तिथे जास्त लक्ष द्यावं लागतं.

इंग्लंडमधल्या वाचकांना मात्र माझा सल्ला सरळ ‘नको’ असा आहे. तिथल्या बऱ्याच जुन्या छपरांना अमेरिकेसारखा प्लायवूडचा अखंड थर नसतो. कौलं किंवा स्लेट पट्ट्यांवर बसवलेली असते आणि फोम थेट त्यांच्यावर किंवा पातळ पडद्यावर बसतो. वासे फोममध्ये गाडले गेले की सर्व्हेअरला लाकूड तपासता येत नाही, आणि कित्येक बँका अशा घरावर कर्ज द्यायला तयार होत नाहीत. फोम खरवडून काढायचा खर्च मारण्याच्या खर्चाहून जास्त होतो. घर विकायची वेळ आल्यावर हे कळणं फार वाईट.

वासाबद्दल तुम्ही ऐकलं त्यात तथ्य आहे. फोमच्या दोन द्रवांपैकी एकात आयसोसायनेट असतं. फवारणी चालू असताना आणि फोम पक्का होईपर्यंत ते श्वासाला घातक आहे. ज्याला त्याची ॲलर्जी एकदा जडली त्याला नंतर अगदी थोड्या प्रमाणानेही दम्याचा झटका येऊ शकतो. म्हणून कामगार बाहेरून हवा पुरवणारे मुखवटे घालतात. तुम्ही, मुलं, आईवडील, पाळलेलं मांजर, कोणीही त्या वेळी घरात असू नये. परतण्याची वेळ उत्पादकाच्या कागदावर लिहिलेली असते, बहुधा चोवीस तास किंवा जास्त. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना दम्याचा त्रास असेल तर त्यांच्या मुक्कामात हे काम काढूच नका. नीट मिसळलेला, ठरल्या जाडीने मारलेला फोम पुढे निर्जीव होतो. आठवड्यानंतरही मासळीसारखा वास येत राहिला तर द्रवांचं प्रमाण चुकलेलं असण्याची शक्यता आहे आणि तो भाग कापून काढणं हाच इलाज आहे. एका वेळी फार जाड थर मारला तर फोम आतून प्रचंड तापतो, करपतो, कधी पेटही घेतो. क्लोज्ड-सेलचा थर साधारण दोन इंचांच्या वर एका फेरीत मारू नये. तो थंड झाला की दुसरा.

कॅनडात बंदी आलेला फोम हाच का, असं काही वाचक विचारतात. नाही. कॅनडाने १९८० मध्ये बंदी घातली ती युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या फोमवर. ते वेगळं रसायन. पर्यावरणाचा विचार करणाऱ्यांसाठी आणखी एक: जुन्या क्लोज्ड-सेल फोमला फुगवणारा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे हजारपट तापवणारा होता. अमेरिकेत १ जानेवारी २०२५ पासून फोमसाठी असे वायू वापरण्यावर कडक मर्यादा आहे. तुमच्या कंत्राटदाराकडे कोणत्या वायूचा फोम आहे ते विचारून घ्या.

जुन्या माळ्यावर जमिनीवर चमकदार, खड्यांसारखे हलके दाणे पसरलेले दिसले तर त्यांना हात लावू नका, झाडूही नका. ते व्हर्मिक्युलाइट. मोंटानातल्या लिबी गावच्या खाणीतून आलेल्या मालात ॲस्बेस्टॉस होतं, आणि ती खाण १९९० पर्यंत चालू होती. तज्ज्ञाकडून ते निघाल्याशिवाय कोणतंही काम सुरू करू नये.

सही करण्यापूर्वी फोमची जात, उत्पादकाचं नाव, प्रत्येक जागी इंचांत जाडी, अग्निरोधक लेप, तिकोनी भिंती, परमिट कोण काढणार आणि परतण्याची वेळ हे सगळं कागदावर घ्या. काम झालं की टाचणीसारखी सळई खुपसून दहा-बारा ठिकाणी जाडी तुमच्यासमोर मोजायला लावा. कामाआधी आणि नंतर ब्लोअर डोअर चाचणी करा. दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा ओढतात आणि किती गळती आहे ते मोजतात. शेवटचा हप्ता या दुसऱ्या चाचणीनंतरच द्या. फेडरल आयकरातली घराच्या इन्सुलेशनवरची सूट ३१ डिसेंबर २०२५ नंतर बंद झाली आहे, तेव्हा कोणी अजून ती सूट दाखवून दर सांगत असेल तर त्याचा बाकीचा कागदही बारकाईने वाचा. वीज आणि गॅस कंपन्यांच्या स्थानिक योजनांची चौकशी मात्र जरूर करा.

इतर वाचकांनी याच विषयावर लिहिताना तीन गोष्टी कळवाव्यात: घर कोणत्या गावात आहे, माळ्यावर एसी, डक्ट किंवा गॅसचं यंत्र आहे का, आणि वळचणीला झरोके आहेत का. तेवढं कळलं तर तुमच्या घरापुरतं नेमकं उत्तर देता येईल.